मुखलक्षण आणि कुलपरीक्षा

कुलपरीक्षा हा आमच्या समाजाचा फार पुरातन छंद होय. वधूवरांचे गोत्र विचारावे, बैलाची शिंगे व खूर निरखावे, घोड्याच्या अंगावरील भोवरे मोजावे आणि तेवढ्यावरून त्या त्या प्राण्याच्या पूर्वजांविषयी व भावी संततीविषयी निर्णय देऊन मोकळे व्हावे, ही रीत खेड्यात आणि शहरात सारखीच रूढ आहे. ‘खाण तशी माती’ हे ह्या रीतीचे सूत्र आणि ‘शितावरून भाताची परीक्षा’ हे तिचे प्रमाणशास्त्र. परंतु ज्या लोकांनी ह्या म्हणी प्रचारात आणल्या त्यांनीच ‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये’ असेही बजावून ठेवले आहे. तेव्हा बाह्य चिन्हावरून कूळ कितपत ओळखावे, हा प्रश्न आपल्या परंपरेने अनिर्णीतच ठेवला असे म्हणावयास हरकत नाही. ह्या प्रश्नाचा पुष्कळसा उलगडा गेल्या सवाशे वर्षांत झाला, आणि तो करण्याच्या कामी ज्या प्राण्याची अतिशय मदत झाली तो प्राणी म्हणजे आपल्या उकिरड्यावर दाणे टिपणारी कोंबडी. विषय क्षुद्र म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये, एवढीच विनंती; कारण नाकाचा संबंध पुढे यावयाचाच आहे.

प्रस्तुत विवेचनाला मावळ प्रांताची भूमी विशेष सोईची आहे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ह्या तिन्ही खोऱ्यांत घरोघरी खुराडे असावयाचेच. कार्ल्याच्या एकवीरेला कोंबड्याचा मान देण्याची कोळी-आगरी मंडळींची चाल सर्वश्रुत आहे. लोणावळे, खंडाळे आणि राजमाची ह्यांच्या रानात राखी रानकोंबड्याची हाळी अद्याप ऐकू येते. आणि अलीकडे तालुक्यात पांढऱ्या ब्रॉयलर पक्ष्यांच्या लांबच लांब शेडी उभ्या राहिल्या आहेत. म्हणजे रानटी, गावरान आणि कारखानी असे कोंबडीचे तीनही अवतार येथे एका दिवसाच्या चालीत पाहावयास सापडतात. ह्या तिघांचे परस्परांशी नाते काय आणि ते ओळखावयाचे कशावरून, हा प्रश्न येथे उभ्या राहणाऱ्या कोणाही जिज्ञासूला सुचावा असा आहे.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांना तो सुचला नव्हता असे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत श्वान, कूर्म इत्यादी प्राण्यांच्या लक्षणांबरोबर कुक्कुटलक्षणाचाही एक छोटा अध्याय घातला आहे. ज्याची पिसे व बोटे सरळ, ज्याचे तोंड, नखे व तुरा तांबूस, ज्याचा वर्ण शुभ्र आणि जो उषःकाळी गोड स्वराने आरवतो, तो कोंबडा राजा, राष्ट्र व अश्व ह्यांची वृद्धी करणारा, असा त्याचा अभिप्राय. पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने मानसोल्लासात राजाच्या विनोदांमध्ये कोंबड्यांच्या झुंजीला स्थान दिले. ह्या ग्रंथांतील निरीक्षण सूक्ष्म आहे ह्यात संशय नाही. तथापि दोघांचीही दृष्टी पूर्ण वाढलेल्या पक्ष्यावर खिळलेली आहे, आणि लक्षणाचा उपयोग शुभाशुभ किंवा जयापजय सांगण्याकडे आहे. हे लक्षण बापापासून मुलाला कोणत्या नियमाने पोहोचते, आणि अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाच्या तोंडावर ते दिसते की नाही, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

इंग्रजी अमलाच्या प्रारंभी ह्या विषयाची पहिली पद्धतशीर नोंद दख्खनमध्ये झाली. मुंबई सरकारने १८२४ साली नेमलेला सांख्यिकी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स ह्याने दख्खनच्या पक्ष्यांची एक सूची तयार केली. ती १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे आली. पश्चिम घाटाच्या रानात रानकोंबडा विपुल आहे असे सांगून साइक्सने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. सुमारे दोन हजार फुटांवरील खोऱ्यांत उंच पायांचा, सडपातळ पक्षी सापडतो, तर चार हजार फुटांवरील डोंगरउतारावरच्या झाडीत आखूड पायांचा आणि अंगावर तांबडा रंग अधिक असलेला पक्षी सापडतो. तेव्हा ह्या दोन जाती तरी असाव्यात किंवा एकाच जातीचे दोन ठळक प्रकार तरी असावेत, असे त्याला वाटले. त्याच सूचीत झुंजीच्या दांडग्या घरगुती कोंबड्याचाही उल्लेख असून खऱ्या झुंजार पक्ष्याचे बुबुळ पांढरट किंवा वाळल्या गवताप्रमाणे फिकट पिवळे असावे, असे साइक्स सांगतो. म्हणजे मुखावरील एका चिन्हावरून कुळाचा अस्सलपणा ठरविण्याची दख्खनी पारख्यांची पद्धत ह्या इंग्रज अधिकाऱ्यानेही जशीच्या तशी उचलली.

चार्ल्स डार्विनने १८६८ साली पाळीव प्राण्यांतील व वनस्पतींतील विविधतेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोंबड्यांवर एक मोठे प्रकरण आहे. कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथ ह्याच्याशी झालेल्या पत्रव्यवहाराचा त्याला ह्या कामी मोठा आधार मिळाला. जगातील सर्व पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष एकच, आणि तो म्हणजे उत्तर व पूर्व हिंदुस्थानापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला तांबडा रानकोंबडा, असा त्याने सिद्धान्त केला. आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याला त्याने ह्या वंशावळीतून वगळले. त्याची कारणे सबळ होती: आवाज निराळा, मानेवरील पिसांची मेणचट टोके निराळी, आणि पाळीव कोंबडीशी झालेला त्याचा संकर बहुतांशी वांझ. रूप, स्वर आणि संतती ह्या तिन्ही साक्षी एकमुखाने विरुद्ध गेल्यावर कोणत्याही न्यायाधीशाने हाच निकाल दिला असता. ह्या निकालाचे पुढे काय झाले ते योग्य स्थळी सांगू.

डार्विनजवळ एक साधन नव्हते, ते म्हणजे आनुवंशिकतेचा नियम. ब्र्यून येथील ग्रेगोर मेंडेल ह्या मठवासीयाने वाटाण्यावरील प्रयोगांतून तो १८६५ सालीच मांडला होता. पण जगाने तो १९०० सालापर्यंत ऐकला नाही. १९०२ साली केंब्रिजच्या विल्यम बेटसनने हा नियम प्राण्यांसही लागू पडतो हे दाखविले, आणि त्यासाठी त्याने कोंबडीचा तुराच साक्षीला घेतला. गुलाबतुऱ्याच्या आणि वाटाणातुऱ्याच्या कोंबड्यांचा संकर केला असता पहिल्या पिढीत अक्रोडासारखा, म्हणजे आईबापांपैकी कोणाच्याही तोंडावर नसलेला, तुरा उपजतो. आणि त्या पिढीचा आपसात संकर केला की सोळा पिलांमागे साधारणतः नऊ अक्रोडतुऱ्याची, तीन गुलाबतुऱ्याची, तीन वाटाणातुऱ्याची व एक साध्या तुऱ्याचे, अशी वाटणी होते. एकाच चेहऱ्यामागे दोन स्वतंत्र कारणे असू शकतात, आणि जे चिन्ह आईबापांत दिसत नाही तेही त्यांच्याच ठेवीतून बाहेर पडू शकते, हा बोध ह्या तुऱ्याने दिला. ‘मुलात आले ते आईबापात दिसलेच पाहिजे’ ह्या समजुतीवर उभारलेले लक्षणशास्त्र ह्या ठिकाणी लंगडे पडले.

आता पिलाच्या तोंडाकडे वळू. कोणत्याही रानकोंबड्याला दाढी नसते; तोंड उघडे आणि लाल, चोचीखाली लोंबता मांसल भाग, हे त्याचे रूप. परंतु पाळीव जातींपैकी काहींच्या दोन्ही गालांवर लांब पिसांचे कल्ले आणि चोचीखाली पिसांची दाढी असते. फ्रान्समधील हूदाँ व फाव्हरोल ह्या गावांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या जाती अशा आहेत. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील हुइयांग कोंबडी तर दाढीवरूनच ओळखली जाते. हे लक्षण पहिल्या दिवशीच पाहता येते. पिलू अंड्यातून निघून त्याची लव वाळली म्हणजे त्याला समोरून, चांगल्या उजेडात पाहावे. दाढीच्या कुळातील पिलाचे गाल तोंडात दाणे कोंबल्यासारखे फुगीर दिसतात आणि चोचीच्या खालची लव दाट असते. साध्या पिलाचे तोंड चोचीपासून मानेपर्यंत सपाट उतरते. पिवळ्या किंवा पांढऱ्या लवेच्या पिलाचे गाल उगाच भरल्यासारखे वाटतात, म्हणून त्याची तुलना त्याच घाण्यातील भावंडांशी करावी, आणि चार-सहा आठवड्यांनी खरी पिसे फुटली म्हणजे पुन्हा एकवार खात्री करून घ्यावी. दाढीच्या पक्ष्यात चोचीखालच्या मांसल पाळ्या अगदी लहान राहतात किंवा उगवतच नाहीत. हीही एक खूण पुढे उपयोगी पडते.

शेंडीची ओळख ह्याहून सोपी. शेंडीच्या कुळातील पिलाच्या डोक्यावर लवेचा एक गोल झुबका जन्मतःच असतो. पोलिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीत तर त्याखाली कवटीचाच उंचवटा असतो. उघड्या मानेची कोंबडीही जन्मतःच ओळखू येते, आणि तिच्या मानेच्या पुढील बाजूस पिसांचा एक पुंजका राहिला असेल तर तिला हा गुण आईबापांपैकी एकाकडूनच मिळाला आहे, असे सहसा समजावे.

हा ‘एकाकडून’ किंवा ‘दोघांकडून’ हा भेद ह्या सर्व परीक्षेचे मर्म आहे. दाढीचा गुण अर्धप्रभावी आहे. दोन्ही बाजूंनी आला तर दाढी व कल्ले भरघोस असतात, एकाच बाजूने आला तर ते तोकडे असतात. परंतु तोकडे म्हणजे किती, ह्याला निश्चित माप नाही. एकेरी गुणाच्या दोन पक्ष्यांची जोडी लावली तर साधारणतः चार पिलांत एक दुहेरी, दोन एकेरी आणि एक साध्या तोंडाचे निघते. तेव्हा दाढीच्या कोंबड्याचे कूळ खरोखर कळावयाचे असेल तर त्याच्या तोंडाकडे टक लावून बसण्यात हशील नाही. त्याला साध्या तोंडाच्या कोंबड्यांत सोडावे आणि पिले मोजावीत. एक जरी साध्या तोंडाचे निघाले तरी बाप एकेरी, हा निकाल पक्का. ओळीने दहा पिले दाढीची निघाली तर बाप एकेरी असून केवळ योगायोगाने असे घडण्याचा संभव १०२४ मध्ये एक. बापाची परीक्षा मुलावरून करावयाची, हा उलटा न्याय. परंतु सरळ न्यायाने जे साधत नाही ते ह्याने साधते.

ह्या चिन्हांचे मूळ कोठे आहे, तेही आता कळले आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की दाढी व कल्ले ह्यांचे कारण सत्ताविसाव्या गुणसूत्रावरील काही तुकड्यांच्या दुणावण्यात व फेरमांडणीत आहे. त्यामुळे ‘हॉक्सबी-आठ’ नावाचा, शरीरातील कोणत्या भागाने कोणते रूप घ्यावे हे ठरविणाऱ्या गणातील एक जनुक चेहऱ्याच्या त्वचेत अस्थानी जागा होतो. शेंडीच्या मुळाशी ह्याच गणातील दुसऱ्या एका जनुकाचे असेच अस्थानी जागे होणे आहे, असे २०१२ साली दिसून आले होते. म्हणजे पिलाच्या गालावरील लव त्याच्या सर्व पूर्वजांचा इतिहास सांगत नाही; एका गुणसूत्राच्या एका कोपऱ्यात घडलेल्या एका घटनेची ती साक्ष आहे. त्याच पिलाच्या अंडी घालण्याच्या, रोग सोसण्याच्या किंवा वजन धरण्याच्या गुणांविषयी ती मूक असते.

ही मर्यादा न ओळखल्याने काय होते ह्याची दोन उदाहरणे देतो. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या अराउकाना कोंबडीच्या कानाजवळ मांसल देठावर पिसांचे झुबके येतात. हौशी लोक ह्यांनाच तिच्या अस्सलपणाची खूण मानतात. परंतु हा गुण दोन्ही बाजूंनी आला तर पिलू अंड्यातच दगावते. ज्या चिन्हाला कुळाचा मान म्हणावा ते शुद्ध करू गेले असता प्राण घेते. म्हणून झुबक्याची कोंबडी कितीही जपली तरी तिच्या पोटी साध्या कानाची पिले येतच राहावयाची.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे. झाबुआ भागातील कडकनाथ कोंबड्याला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्यांत त्याची मोठी हाव उत्पन्न झाली. काळे तोंड, काळा तुरा, काळी जीभ म्हणजे कडकनाथ, अशी सरधोपट व्याख्या बाजारात रुजली. वस्तुतः हा काळेपणा प्रभावी गुण असून संकरातही तो उतरतो; इतकेच नव्हे तर बेटसन व त्याचा सहकारी पनेट ह्यांनी काळ्या कातडीच्या रेशीमकोंबडीवर प्रयोग करून १९११ सालीच दाखविले होते की काही जोड्यांत मुली काळ्या निघतात आणि मुलगे उजळ राहतात, कारण काळेपणाला आवर घालणारा दुसरा एक गुण लिंगाशी निगडित आहे. तेव्हा काळ्या तोंडाची तलंग पाहून तिला शुद्ध कडकनाथ म्हणून चढ्या भावाने घेणारा शेतकरी एका गुणाची किंमत कुळाच्या भावाने मोजतो. त्याने तोंड पाहण्याऐवजी नोंदवही मागावी: आई कोण, बाप कोण, आणि ह्याच जोडीची मागील पिले कशी निघाली?

आता डार्विनच्या निकालाकडे. २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचा शोध घेतला. आहारातील पिवळे द्रव्य त्वचेत मोडून टाकणारा एक जनुक काही जातींत त्वचेपुरता मंदावलेला असतो. मग ते द्रव्य साठून पाय व कातडी पिवळी होते. जगातील बहुसंख्य व्यापारी जातींत हा गुण आहे. परंतु ह्या जनुकाचा पिवळा प्रकार तांबड्या रानकोंबड्याच्या ठेवीतला नाही. तो राखी रानकोंबड्याकडून आला आहे. मुख्य पूर्वज तांबडाच, हे डार्विनचे मत टिकले. एकमेव पूर्वज, हे टिकले नाही. ज्या संकराची संतती बहुतांशी वांझ निघते त्यातूनही कधी काळी कोण्या एका कोंबडीची रेघ पुढे चालली, आणि द्वीपकल्पीय भारताच्या ह्या रानवासी पक्ष्याने आपला एक अंश जगभरच्या खुराड्यांत पोहोचविला. मावळातील शेडीत वाढणाऱ्या ब्रॉयलर पक्ष्याचे पिवळे पाय पाहावेत आणि राजमाचीच्या रानातील हाळी ऐकावी: रूप, रंग, स्वर काहीच जुळत नाही, आणि नाते मात्र खरे. त्याच ब्रॉयलरचे एक मूळ कॉर्निश जातीत आहे, आणि कॉर्निशच्या अंगात हिंदुस्थानातून गेलेल्या असील झुंजार कोंबड्याचे रक्त आहे. परदेशी म्हणून आपण ज्याला हिणवितो तो पाहुणा निदान दोन बाजूंनी घरचाच निघाला, आणि त्याच्या मुखावर त्याची एकही खूण नाही.

कोंबडीच्या तोंडावरून निघालेली ही चर्चा माणसाच्या तोंडाशी येऊन भिडते, कारण इतिहासात ती तशी भिडली आहे. अमेरिकेतील चार्ल्स डॅव्हनपोर्टने १९०६ साली कोंबड्यांच्या आनुवंशिकतेवर ग्रंथ लिहिला. शेंडी, तुरा, पायावरची पिसे ह्यांचे त्याने केलेले संकर कष्टाचे होते. त्याच गृहस्थाने १९१० साली माणसांच्या कुळांची दप्तरे ठेवणारी सुप्रजननाची कचेरी उघडली आणि दारिद्र्य, भटकेपणा असल्या गोष्टींनाही कोंबड्याच्या तुऱ्याप्रमाणे एकेका बीजाचे फळ ठरविले. आपल्या देशात हर्बर्ट रिस्लेने नाकाच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण काढून, नाक जितके रुंद तितकी जातीची सामाजिक पायरी खालची, असा सिद्धान्त १८९१ पासून मांडला, आणि १९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख ह्या नात्याने त्या विचाराला सरकारी वजन दिले. वराहमिहिराच्या लक्षणाने फार तर एखाद्या कोंबड्याचा भाव वाढला असेल. रिस्लेच्या लक्षणाने सबंध समाजांना पायऱ्यांवर बसविले.

ह्याला उत्तर देण्याचा मान महाराष्ट्राकडे येतो. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी १९३२ साली जात आणि वंश ह्यांवरील आपल्या ग्रंथात रिस्लेचीच मापे पुन्हा तपासली आणि उत्तरेच्या गंगाखोऱ्यातील प्रदेशाबाहेर ती त्याचा सिद्धान्त पेलत नाहीत, हे दाखवून दिले. त्याच्या थोडे आधी इरावतीबाई कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर ह्यांच्या हाताखाली कवट्यांची मापे घेत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील विषमता युरोपीय माणसात अधिक असावी, अशी गुरूची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, वंशाशी ह्या विषमतेचा संबंध आढळत नाही असे लिहून दिले, आणि तेही परक्या देशात, पदवी ज्याच्या हाती त्याच्याच समोर. पुढे १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. मापाला माप म्हणून मान देणे आणि त्याच्याकडून नको ती साक्ष न वदविणे, हा शास्त्राचा धर्म त्यांनी पाळला.

तात्पर्य, लक्षण खोटे नसते. फुगीर गालाच्या पिलाला दाढी येणार, हे पहिल्या दिवशी छातीठोक सांगता येते, आणि ज्याला पाळायचे आहे त्याने ते जरूर शिकावे. परंतु त्या लक्षणाची साक्ष एका गुणापुरती आणि तीही कित्येकदा अर्धी असते. बाकीचे कूळ संततीत आणि नोंदींत असते. उघड्या मानेच्या कोंबडीकडे पाहून आपल्याकडे कुरूप म्हणून हसण्याचीच रीत. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने मात्र तिची उष्णता सोसण्याची शक्ती मोजली आणि तिच्या संकरातून ‘हितकारी’ नावाची जात तयार केली. तोंड पाहून हसणारे आणि गुण मोजणारे ह्यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर लक्षणशास्त्र आणि आनुवंशिकताशास्त्र ह्यांत आहे. मावळातील शेतकरी खुराड्यापाशी बसून पिलाची पारख करतो तेव्हा तो पहिल्या शास्त्राचा जाणता वारस असतो. त्याच्या हाती दुसऱ्याची वही देणे हे आमच्यासारख्या शिकलेल्यांचे काम आहे, आणि ती वही माणसांची कुळे लावण्यासाठी पुन्हा कोणी उघडू नये हे पाहणे, हेही.